ओल्या कचऱ्याचं यंत्र घेण्याआधी

दुपारची भांडी आटोपली असतील, कुणी तूर निवडत असेल, कुणी जरा पाठ टेकली असेल. काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मागच्या उन्हाळ्यात मी काम करते त्या गावात ग्रामसंघाच्या बैठकीला सरपंचताई एक रंगीत पुस्तिका घेऊन आल्या. गाव साधारण चार हजार वस्तीचं, आठवडी बाजाराचं. पुस्तिकेत हिरवी चकचकीत टाकी, शेजारी हसणारी बाई, हातात बादली. खाली लिहिलेलं, रोज ३०० किलो ओला कचरा टाका, गॅस मिळवा, खत विका. सरपंचताई म्हणाल्या, "पंचायत यंत्र घेईल, चालवायला तुमचा महिला गट घ्या. ठराव याच महिन्यात करायचा आहे."

बायांना आनंद झाला. गावात गटाचं नाव होईल, चार जणींना रोजी मिळेल. मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू? एका काकूंनी मात्र विचारलं, "वो ताई, आपल्या गावात ३०० किलो कचरा निघते का पण?" सगळ्या हसल्या. पण उत्तर कुणालाच देता आलं नाही, मलाही नाही.

म्हणून ठरावाआधी आम्ही सात दिवस मागून घेतले. कापूस घेणाऱ्या एका भाऊंकडून लटकता काटा आणला. चाळीस घरं निवडली, प्रत्येक गल्लीतली थोडी थोडी. रोज सकाळी ओल्याची बादली वेगळी ठेवायला सांगितली आणि वजन करून वहीत लिहिलं. बाजाराच्या दिवशी भाजीवाले उठल्यावर जमिनीवर पडलेलं झाडून तेही तोललं.

दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की आपल्याकडे शिळी पोळी बकरीला जाते, भाजीची देठं ढोरांना जातात, भाताचं पाणी गाय पिते. ज्यांच्याकडे कोठा आहे त्यांच्या बादलीत चहाची पत्ती आणि कांद्याच्या सालीशिवाय काही नव्हतं. सगळ्या गावाचा हिशोब मांडला तर ओला कचरा ७० किलोच्या आसपास निघाला, बाजाराच्या दिवशी त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. त्यातही निम्मा झाडाचा पाला, काड्या आणि अंगण झाडलेली माती. गॅससाठी खरा उपयोगाचा माल रोज ३५ ते ४० किलो. पुस्तिकेतलं यंत्र ३०० किलोचं. चार माणसांच्या घरात लग्नाचा गंज रोज चुलीवर ठेवल्यासारखं ते झालं असतं.

हे समजायला टाकीच्या आत काय चालतं ते थोडं सांगते. गोबरगॅस म्हणजे सिमेंटची गायच. गाईच्या पोटात हवा न लागता चारा कुजतो, सूक्ष्म जीव तो पचवतात. टाकीतही तेच. आधी एक प्रकारचे जीव अन्न फोडून आंबट करतात, मग दुसरे जीव त्या आंबटाचा गॅस करतात. पहिले चपळ, दुसरे संथ. आपण एकदम जास्त माल टाकला की पहिले भराभर आंबट करत सुटतात आणि दुसऱ्यांना ते झेपत नाही. टाकी आंबते. ज्योत निळी राहत नाही, पेटून विझते, तोंडाशी फेस येतो, आंबूस वास सुटतो. तेव्हा खाणं बंद करून काही दिवस नुसती शेणकाला द्यायची, पोट बिघडलेल्या लेकराला पेज देतो तशी. जो गॅस निघतो त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो, तो जळतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच, आणि लोखंड खातो तोही हाच.

शेण आणि उष्टं यात फरक आहे. शेण म्हणजे गाईने एकदा पचवून सत्त्व काढून घेतलेला माल. साधारण २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. भात, पोळी, उसळ यांत सत्त्व शिल्लक असतं, म्हणून तेवढाच गॅस त्याच्या निम्म्याहून कमी वजनात निघतो. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, याच गोष्टीवर प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांचं घरगुती सयंत्र उभं केलं. त्याला २००६ साली ॲशडेन हा परदेशातला पुरस्कारही मिळाला. शहरातल्या घराला, जिथे ढोर नाही पण उष्टं आहे, तिथे ते शोभतं.

बरं, मग पर्याय कोणते? आम्ही सगळे एकेक करून पाहिले.

पहिला, खादी ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेलेला, तरंगत्या लोखंडी डब्याचा जुना गोबरगॅस. आपल्या आजोबांच्या वेळचा. डबा वर आला की गॅस भरला, खाली गेला की संपला, डोळ्यांना दिसतं. दाब सारखा राहतो. पण लोखंड गंजतं, दरवर्षी रंग द्यावा लागतो, आणि आपल्याकडे रंगाला पैसे कोण देणार यावर दोन वर्षं जातात.

दुसरा दीनबंधू. १९८४ मध्ये अफ्रो या संस्थेने काढला. पूर्ण जमिनीत, विटांचा घुमट, हलणारा एकही भाग नाही, स्वस्त. पण गवंडी शिकलेला पाहिजे, घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस निघून जातो. आणि आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी पुस्तिकेत कुणी लिहीत नाही. आपली काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांच्या भिंती तडकतात तिथे घुमटाचं काय? खड्डा काळ्या मातीत असेल तर खाली कडक मुरूम लागेपर्यंत जायचं आणि बाजूनेही मुरूम भरून ठोकायचा.

तिसरी रबरी फुग्याची पिशवी. आणली, पसरली, झालं. मात्र वर्ध्याचं ४५ अंशांचं ऊन, उंदीर आणि गावातली माकडं हे तिन्ही तिचे वैरी.

चौथं निसर्गऋण. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं. यात दोन टाक्या. पहिलीत कचरा वाटून, गरम पाणी आणि हवा देऊन तीन-चार दिवस फोडला जातो, मग दुसरीत हवा न लागता गॅस होतो. त्यामुळे हॉटेलचा, बाजाराचा मिश्र कचराही चांगला पचतो. पण वाटायला मोटर, हवेला पंप, त्यांना वीज आणि वीज गेली तर थांबणं. रोजचा कचरा टनात असेल तर हे ठीक. आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या ज्या बहिणी ऐकत आहेत, त्यांच्या नगरपरिषदेत असं काही येत असेल तर त्यांनी याची चौकशी जरूर करावी. ७० किलोला ते नको.

आणि पाचवं, चोवीस तासांत खत करणारं विजेचं यंत्र. याला मी यंत्रच म्हणते, पचन म्हणत नाही. ते कचरा तापवून, ढवळून वाळवतं. पुड्यातून भुरभुरीत माती निघते, दिसायला छान. तिच्यावर पाणी घाला आणि चार दिवस थांबा, पुन्हा वास येतो, कारण कुजायचं काम राहूनच गेलेलं असतं. विजेचं बिल मात्र आलेलं असतं.

आता ज्या गोष्टीने आमचा निर्णय खरा झाला ती सांगते. मी आणि चार जणी जवळच्या एका गावचा प्रकल्प पाहायला गेलो. गावाचं नाव घेत नाही. विक्रेत्याने दाखवायला नेलेला नव्हे, आम्ही न सांगता गेलो. प्रकल्प तीन वर्षांचा. फाटक उघडं, टाकीवर बकऱ्या उभ्या, गेटजवळ वेडी बाभूळ वाढलेली. तिथे काम केलेल्या एक मावशी शेजारीच राहतात. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि सगळं सांगितलं. पहिले सहा महिने गॅस मिळाला. मग घंटागाडी सगळंच एकत्र आणून ओतू लागली, पन्नीसकट. "मी एकटी, दिवसभर पन्न्या येचत राहो. हात लागे त्यात काय काय," त्या म्हणाल्या. मग वाटायच्या यंत्रात चिंध्या अडकून मोटर जळाली. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. मावशींची चार महिन्यांची मजुरी अजून बाकी आहे. येताना गाडीत आम्ही कुणीच बोललो नाही.

हे फक्त लहान गावाचं नाही. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेने प्रभागाप्रभागांत रोज पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प बांधले, त्यातले बरेच नीट चालले नाहीत हे वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आलं. उलट इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यातून वाहनांचा गॅस काढतात. तिथे घराघरातून कचरा वेगळा येण्याची सवय आधी लागली, प्रकल्प नंतर बांधला. शहरांसाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलंच होतं. टाकीला पन्नी पचत नाही, तिला कितीही लाखांची टाकी आणा.

पन्नीच नव्हे, अजून काही टाकीला चालत नाही. पराटी, तुराटी, कडक काड्या, कारण त्यांतलं लाकूड त्या जीवांना फोडता येत नाही. राख आणि माती तळाशी बसते. हाडं, अंड्याची टरफलं तशीच राहतात. फिनेल, ब्लीचिंगचं पाणी जीवांना मारतं. आणि आपल्या आर्वी, आष्टी, कारंज्याच्या बहिणींसाठी खास, संत्र्याची सालं. सालीत जे तेल असतं, ज्याचा वास आपल्याला इतका आवडतो, तेच टाकीतल्या जीवांना सोसत नाही. हंगामात टोपलंभर सालं ओतली की गॅस बसलाच म्हणून समजा.

मग ही सालं, पाला, काड्या जाणार कुठे? इथे आपल्याला आपल्याच विदर्भातल्या माणसाने वाट काढून दिलेली आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाची अक्षरं घेऊन झालेलं नाडेप खत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. थर असे की काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती. एका टाक्याला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा लागतो, शेण मात्र ९० ते १०० किलोच. वरून लिंपून घ्यायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. ना वीज, ना मोटर. आमच्या गावात दहा वर्षांपूर्वी बांधलेली तीन नाडेप टाकी होती. एकात कोंबड्या, एकात सरपण, एक रिकामं! ती आम्ही मोकळी करून घेतली. कोंबड्यांच्या मालकिणीशी थोडी बाचाबाची झाली, ती सोडा.

वर्ध्याला हे काम नवं नाही. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, कुमारप्पा तिथे होते, आणि गावाची घाण ही गावाची दौलत आहे हा विचार तिथून पसरला. आज त्याच मगनवाडीत एमगिरी आहे, दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. विक्रेत्याच्या पुस्तिकेवर सही करण्याआधी अशा ठिकाणी जाऊन विचारायला बसभाडं तेवढं लागतं.

शेवटी आमचा हिशोब असा बसला. रोज ४० किलो भाजी-उष्ट्यापासून साधारण तीन घनमीटर, आणि ७५ किलो शेणापासून तीन घनमीटर. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं, म्हणजे सात-आठ ढोरांचं शेण. ते शाळेमागच्या दोन कोठ्यांतच मिळतं. म्हणून सहा घनमीटरचा एक दीनबंधू, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीला लागून, कारण या गॅसला दाब कमी, तो लांब नेता येत नाही. एक घनमीटर म्हणजे सिलिंडरचा साधारण ४५० ग्रॅम गॅस. सहा घनमीटर रोज निघाला तर पाच-सहा दिवसांनी एक सिलिंडर वाचतो. पोषण आहार आपलाच गट शिजवतो, तेव्हा वाचलेला पैसा दिसेल. उन्हाळ्याच्या सुटीत गॅस अंगणवाडीला द्यायचा. बाजाराच्या दिवशीचा जास्तीचा माल एकदम टाकीत नाही, तो नाडेपात.

पैशांचं म्हणाल, तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला कचऱ्यासाठी माणशी ६० रुपये असं गणित ठेवलं होतं, मोठ्या गावाला माणशी ४५. चार हजार वस्तीला दोन लाख ४० हजार होतात, आणि त्यात ओला-सुका दोन्ही बसवायचा. मोठ्या गोबरधन प्रकल्पासाठी जिल्ह्याला ५० लाखांपर्यंतची तरतूद होती, पण ती सगळ्या जिल्ह्याला मिळून. पुस्तिकेतलं यंत्र एकटंच नऊ लाखांचं होतं.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलते. ठरावाच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं, "कचऱ्याचं काम तिकडच्या मोहल्ल्यातल्या बाया करतील ना." तिकडच्या म्हणजे कुठल्या, ते गावात सांगावं लागत नाही. त्या मोहल्ल्यातल्या दोघी तिथेच बसलेल्या होत्या. एक उठून म्हणाली, "गॅस तुमच्या घरचा आन् घाण आमच्या हातची, असं असंन तर आमच्या गटाची सही नाही." पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मी समन्वयक म्हणून काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार होते, पण आमच्या अध्यक्षांनीच सांगितलं की पाळी लावू, सगळ्या गटांची, आणि पहिला आठवडा माझा. दोन गटांनी त्यावरून अंग काढून घेतलं. घेऊ द्या. पाळीची यादी आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहे.

करारातही आम्ही चार ओळी घालून घेतल्या. मजुरी महिन्याच्या दहा तारखेला गटाच्या खात्यात, उशीर झाला तर काम बंद. वेगळा न केलेला कचरा परत पाठवायचा हक्क गटाचा. दुरुस्तीचा खर्च पंचायतीचा आणि त्यासाठी रक्कम आधीच बाजूला. हातमोजे, गमबूट पंचायतीचे. पुण्यात कचरावेचक बायांच्या स्वच्छ सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी लेखी करार केला, घराघरातून सेवेचे पैसे घ्यायचा हक्क मिळवला. त्या बाया हे करू शकतात तर कागदावर बोट ठेवायला आपण का लाजायचं?

आणि हे मात्र पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकीने कानाशी बांधून ठेवा. टाकीत उतरायचं नाही. रिकामी दिसली तरी नाही, चप्पल पडली तरी नाही, कुणी आत पडलं असेल तर वाचवायलाही एकटीने नाही. आतला गॅस एका श्वासात शुद्ध घालवतो, आणि वाचवायला गेलेला दुसरा माणूसही त्यातच जातो. नळीतून गॅस गळतो का ते साबणाच्या फेसाने पाहायचं, काडी ओढून नाही. सुरुवातीला टाकी नुसत्या शेणकाल्याने भरून दोन-तीन आठवडे सोडायची. पहिला गॅस पेटवायचा नाही, त्यात हवा मिसळलेली असते, तो मोकळ्यावर सोडून द्यायचा. त्यानंतर उष्टं-भाजी घालायची, तीही पहिल्या आठवड्यात रोज पाच किलोच.

एक अडचण अजून सुटलेली नाही. शेणात तेवढंच पाणी कालवावं लागतं. रोजचं ७५ लिटर. पावसाळ्यात हसतखेळत होईल, पण मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. शाळेतलं तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी साठवायचं ठरलंय, त्याने निम्मंच भागेल. तुमच्या गावात यावर काही तोड काढली असेल तर प्रभागसंघाच्या बैठकीत मला सांगा. बाहेर पडणाऱ्या मळीचंही तसंच. दोन शेतकरी भाऊ कपाशीला न्यायला तयार आहेत, पण त्यांची गाडी येईपर्यंत ती वाळत घालायला जागा लागते, ती आता शाळेच्या कुंपणामागे आखलीय.

मंगळवारी गवंडीभाऊ खड्ड्याचं माप घ्यायला येतात. मुरूम किती खाली लागतो ते तेव्हाच कळेल. आणि हो, तो लटकता काटा मी अजून परत केलेला नाही, भाऊंना सांगून ठेवून घेतलाय. ज्या गटाला आपल्या गावचा कचरा मोजायचा असेल त्यांनी तो घेऊन जावा, फक्त कापसाच्या हंगामाआधी परत द्यायचा आहे.